पाणी नेमके अडते कुठे?
कोरडवाहू महाराष्ट्राचे सिंचन आणि आपण मुंबईकर भाविक

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली, तेव्हा तिच्या दहा टाक्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. एका शहराची तहान भागवण्यासाठी जवळजवळ साडेतीनशे किलोमीटरवरून पाणी आणावे लागले, हे साऱ्या देशाने पाहिले. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात असा पाऊस कोसळला की सीना नदीच्या पुराने गावे वेढली, हाताशी आलेले सोयाबीन कुजले आणि अनेक शेतांतील मातीच वाहून गेली. एका दशकात एकाच भूप्रदेशाने टंचाईही भोगली आणि महापूरही.

या दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे 'पाऊस नाही म्हणून पीक नाही' हे नेहमीचे उत्तर अपुरे ठरते. पडलेले पाणी कोणाच्या शिवारात थांबते, कोणत्या पिकाला जाते आणि त्यावर पहिला हक्क कोणाचा, हे खरे प्रश्न आहेत. गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील धर्मग्रामांत राहणाऱ्या आपणां सर्वांना हे प्रश्न दूरचे वाटण्याचा संभव आहे. ते तसे नाहीत, हे येथे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

धरणे झाली, शेत कोरडेच

देशात सर्वांत अधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत. तरीही राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणी अहवालात असे दिसून आले की एकूण पिकांखालील क्षेत्रापैकी ओलिताखालील क्षेत्र दहा वर्षांत १७.८ टक्क्यांवरून केवळ १७.९ टक्क्यांपर्यंत सरकले होते. या आकड्याने मोठे वादळ उठले. शासनाने २०१२ साली श्वेतपत्रिका काढून वाढ याहून बरीच जास्त असल्याचा दावा केला. पाठोपाठ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. आकड्यांचा वाद आपण बाजूला ठेवू. धरणाची भिंत उभी राहणे आणि शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पाणी पोहोचणे या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मात्र त्यातून साऱ्यांना कळून चुकले.

पैठणच्या जायकवाडी प्रकल्पाचे उदाहरण पाहावे. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. मराठवाड्याची तहान भागवणारा हा नाथसागर अनेक वर्षे पुरता भरत नाही, कारण वरच्या अंगाला नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांत अनेक धरणे झाली आहेत. तुटीच्या वर्षी वरच्या धरणांनी खाली पाणी सोडावे की नाही, यावरून दोन प्रदेशांतील शेतकरी समोरासमोर उभे राहतात आणि न्यायालयाची पायरी चढतात. त्यातच जलाशय उथळ व पसरट असल्याने उन्हाळ्यात बाष्पीभवन प्रचंड होते. गळक्या कालव्यांतून पाणी मुरते, वरचे शेतकरी अधिक उपसतात आणि पाटाच्या शेवटी असलेल्या टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला कोरडी चारी येते.

उसाला दोष देण्यापूर्वी

शुष्क प्रदेशात उसाला इतके पाणी का द्यावे, असा प्रश्न शहरातून नेहमी विचारला जातो आणि तो गैरलागू नाही. राज्यातील लागवडीच्या अवघ्या चार टक्क्यांच्या आसपास असलेला ऊस सिंचनाच्या पाण्याचा सुमारे सत्तर टक्के वाटा घेतो, असे केंद्रीय कृषिमूल्य आयोगाने नोंदवले आहे. परंतु शेतकरी ऊस का लावतो, हेही समजून घ्यावे. उसाला रास्त आणि किफायतशीर दराचा कायदेशीर आधार आहे, तो नेण्यास कारखाना आहे, आणि गारपिटीत वा पावसाच्या खंडात तो तुरीसारखा एका रात्रीत हातचा जात नाही. ज्वारी, तूर, हरभरा यांना हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने प्रत्यक्ष खरेदी होईलच याची खात्री नसते. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे तो खात्रीचे पीक निवडणारच. दोष शेतकऱ्याच्या लोभात शोधण्यापेक्षा ही व्यवस्था तपासणे अधिक न्याय्य होय.

ठिबक सिंचन हा यावरचा उपाय म्हणून पुढे येतो. ते उपयुक्त आहेच. परंतु वाचलेल्या पाण्यावर उसाचेच क्षेत्र वाढवले, तर नदीत वा विहिरीत काहीच शिल्लक राहत नाही. शेततळ्यांचेही तसेच आहे. पावसाचे वाहते पाणी साठवण्याऐवजी कूपनलिकेने भूगर्भातले पाणी उपसून प्लास्टिकच्या अस्तरावर उन्हात ठेवले, तर शेजाऱ्याची विहीर आटते आणि निम्मा लाभ सूर्याच्या पदरी पडतो.

यातील सर्वांत बोचरी बाब अशी की ज्या बीड जिल्ह्यात शेतीला पाणी नाही, तेथील लाखो स्त्री-पुरुष दर हिवाळ्यात कोयता घेऊन दुसऱ्याच्या बागायती फडात ऊस तोडण्यास जातात. ज्यांच्या वाट्याला पाणी आले नाही, त्यांचा घाम मात्र त्या पाण्याच्या पिकाला लागतो.

गिरणगाव आणि भीमेचे पाणी

आता आपल्या परिसराकडे वळू. दादर-परळच्या नळाला येणारे पाणी तानसा, वैतरणा, भातसा या पश्चिमवाहिनी नद्यांचे आहे. आपण नळ बंद ठेवल्याने ते लातूरला पोहोचणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु आपला संबंध दुसऱ्या वाटेने जुळलेला आहे.

१९१५ साली खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज मिळू लागली. ती वीज लोणावळा परिसरातील टाटांच्या धरणांची होती; पुढे ठोकरवाडी आणि मुळशी ही धरणे झाली. या धरणांतील पाणी निसर्गतः पूर्वेकडे भीमेत, म्हणजे पंढरपूर-सोलापूरच्या दिशेने जाणारे होते. ते सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात सोडण्यात आले. १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या साथीने केलेला सत्याग्रह याच धरणाविरुद्धचा. कृष्णा पाणीतंटा लवादाने या वळवणुकीला मर्यादा घातली. ती सरासरीने वर्षाला सुमारे ४२ अब्ज घनफूट भरते. जायकवाडीच्या उपयुक्त साठ्याच्या निम्म्याहून अधिक असे हे पाणी आहे.

आणि त्या गिरण्यांत राबण्यास कोण आले? कोकणातील माणसांबरोबर सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातील माणसेही आली. नगर-जालन्याकडील काही ख्रिस्ती कुटुंबेही पोटासाठी मुंबईत स्थिरावली. पाणीही पश्चिमेकडे आले आणि माणसेही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या आणि त्यांच्या जागी उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या. धरणांचे पाणी मात्र अजूनही घाटाखाली उतरते. आज मुंबईच्या विजेत त्याचा वाटा अल्प असला, तरी मागणी शिगेला पोहोचते त्या वेळी ही जलविद्युत मोलाची ठरते. म्हणून ती एका दिवसात बंद करा असे आम्ही म्हणत नाही. दुष्काळाच्या वर्षी तरी यातील काही पाणी भीमेला मिळावे ही मागणी रास्त आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हक्क जमिनीला की माणसाला?

१९७२ च्या दुष्काळाने पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे अस्वस्थ झाले. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन खंडाने घेऊन त्यांनी माती व पाणी अडवण्याचे प्रयोग केले. त्यांतून 'पाणी पंचायत' जन्मली. तिचे नियम साधे होते. पाणी कुटुंबातील माणसे मोजून द्यायचे, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. उसासारखे पीक घ्यायचे नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि भूमिहीनालाही वाटा मिळेल. राज्याच्या २००५ च्या कायद्यांनी पाणी वापर संस्थांना मान्यता दिली, समन्यायी वाटपाचे तत्त्वही स्वीकारले. पण शेतीच्या पाण्याचा हक्क जमिनीच्या मापानेच ठरला. ज्याला जमीन नाही तो आजही बाहेरच आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची आणि शेतीसाठी कूपनलिका न घेण्याची शिस्त पाळली. त्याच जिल्ह्यात आपल्या ख्रिस्तसभेचेही एक नाव आदराने घेतले जाते. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी 'माथा ते पायथा' पाणलोट विकासाचे काम गावोगाव उभे केले. १९८९ साली इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आणि १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह 'वॉटर' ही संस्था त्यातून आकाराला आली. श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावाने स्वतः मान्य करावी, तरच निधी, अशी शिस्त त्यामागे होती. २०२१ साली फादर बाखर निवर्तले. त्यांच्या कामातून हिरवी झालेली शिवारे आजही उभी आहेत. मात्र अडवलेले पाणी पुन्हा ज्याचा पंप मोठा त्याच्याकडे गेले, तर पाणलोटाचे श्रमही वाया जातात, हा सर्वच गावांचा धडा आहे.

श्रद्धेची हाक

उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाक कोरड्या प्रदेशात विहिरी खणतो आणि गरारचे गुराखी त्यांवर हक्क सांगतात. दोन विहिरींना भांडणाची नावे मिळतात. तिसरीवर तंटा होत नाही, म्हणून तिला ऐसपैस जागेचे, रहोबोथ हे नाव मिळते. पाणी लागणे ही अर्धीच गोष्ट. सर्वांना पुरेल अशी जागा होणे ही पूर्ण गोष्ट. सृष्टीतील संपत्ती सर्वांसाठी आहे, ही ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण हेच सांगते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या २०१५ च्या परिपत्रकात पिण्याच्या शुद्ध पाण्याला मूलभूत मानवी हक्क म्हटले, ते याच परंपरेतून.

मग आपण काय करावे? ज्यांची गावी जमीन आहे, त्यांनी ग्रामसभेत पाण्याच्या ताळेबंदाचा आग्रह धरावा. मुंबईत राहून गावच्या शेतात कूपनलिका घेणाऱ्याने शेजाऱ्याच्या विहिरीचा विचार करावा. आपल्या लघु ख्रिस्ती समूहांनी कोरडवाहू शेतकरी गटांकडून ज्वारी, बाजरी, तूर थेट विकत घ्यावी. या पिकांना खात्रीचे गिऱ्हाईक मिळाले, तर उसाखेरीज पर्याय नाही ही स्थिती थोडी तरी बदलेल. प्रायश्चित्तकाळातील आपल्या त्यागाचा काही भाग पाणलोटाच्या कामाला द्यावा. आणि मत मागण्यास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो लालबागचा असो वा लातूरचा, एकच प्रश्न विचारावा : भूमिहीनाच्या वाट्याला किती पाणी?