विश्लेषण : घरचा कुत्रा आजारी आहे, हे वेळेत कसे ओळखावे?

कुत्र्याला कुठे दुखते हे सांगता येत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक असते. तरीही तो दोन दिवस जेवला नाही, तर 'उन्हाचा त्रास असेल', 'रुसला असेल', 'उद्यापर्यंत बघू' असे म्हणण्याची सवय अनेक घरांत आहे. हा 'उद्या' काही आजारांत फार महाग पडतो. त्यामुळे आजाराची चाहूल घरातच लागणे महत्त्वाचे ठरते.

आजार उशिरा का लक्षात येतो?

आजारी कुत्रा सहसा ओरडत नाही, कण्हत नाही. तो गप्प होतो, कोपरा धरतो. घरच्यांना तो शहाण्यासारखा वागतोय असे वाटते. दुसरे कारण घरातल्या विभागणीत आहे. जेवण एक जण वाढतो, फिरायला दुसरा नेतो, दिवसभर सोबत तिसरा असतो. सकाळी उलटी झाली हे मुलांनी पाहिलेले असते, जिना चढताना तो थांबला हे आजोबांनी पाहिलेले असते. पण दोन्ही गोष्टी एकत्र येत नाहीत. घरात रोज एकदा एवढे बोलणे झाले, तरी बरेच आजार लवकर पकडले जातील.

पहिली खूण कोणती?

नेहमीपेक्षा वेगळे वागणे. दाराची बेल वाजली तरी न उठणे, आवडता खाऊ हुंगून सोडणे, अंगाला हात लावताच गुरगुरणे, पलंगाखाली जाऊन बसणे, सतत एकच पाय चाटणे, घरात शिस्त असूनही आतच लघवी करणे. पाण्याकडेही लक्ष हवे. अचानक खूप पाणी पिणे आणि वारंवार लघवी होणे हे मधुमेहाचे किंवा मूत्रपिंडाच्या विकाराचे लक्षण असू शकते. नसबंदी न झालेल्या मादीत माजानंतरच्या काही आठवड्यांत असे झाले, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. वय झालेला कुत्रा मंदावतोच, असे म्हणून सांधेदुखी आणि दातदुखीकडेही दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात दोन्हींवर उपचार आहेत.

घरी काय तपासता येते?

नाक कोरडे म्हणजे ताप, हा समज चुकीचा आहे. झोपून उठलेल्या निरोगी कुत्र्याचे नाकही कोरडे असते. कुत्र्याचे शरीर माणसापेक्षा मुळातच गरम असते. त्याचे सामान्य तापमान साधारण 101 ते 102.5 अंश फॅरेनहाइट असते. ते गुदद्वारात डिजिटल थर्मामीटर लावून मोजतात. 103 च्या वर गेले तर डॉक्टरांशी बोलावे, 104 च्या वर गेले तर थांबू नये.

श्वास कुत्रा गाढ झोपेत असताना मोजावा. छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास. मिनिटाला 30 पर्यंत ठीक. वारंवार त्याहून जास्त भरले, तर हृदय किंवा फुप्फुसाची तपासणी हवी. हिरड्या गुलाबी आणि ओलसर असाव्यात. बोटाने दाबल्यावर पांढरा झालेला भाग दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरड्या फिकट असतील तर रक्त कमी झाल्याची, पिवळ्या असतील तर काविळीची, निळसर असतील तर प्राणवायू कमी पडत असल्याची शक्यता असते. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात. त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा.

गोचीड ताप इतका फसवा का?

आपल्या उष्ण-दमट हवेत गोचिडी वर्षभर टिकतात. त्यांच्या चाव्यातून एर्लिकिया हे जिवाणू आणि बाबेशिया हे परजीवी रक्तात शिरतात. ताप, मरगळ, अन्नावरची वासना उडणे, फिकट हिरड्या, नाकातून रक्त येणे, लघवी गडद होणे ही त्याची लक्षणे. एर्लिकियाचा ताप काही दिवसांनी आपोआप उतरू शकतो. कुत्रा खाऊ लागतो, घरचे निर्धास्त होतात; पण जंतू शरीरात राहून महिन्यांनी पुन्हा डोके वर काढू शकतात. म्हणून ताप उतरला तरी रक्ततपासणी करून घ्यावी. फिरून आल्यावर कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि गळपट्ट्याखाली गोचीड शोधण्याची सवय ठेवावी.

कधी अजिबात थांबू नये?

पोट फुगून कुत्रा उलटीचा जोर करतो, पण काहीच पडत नाही. हे जर्मन शेफर्ड, ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातींत पोटाला पीळ पडल्याचे लक्षण असू शकते. तिथे तासांचा हिशेब असतो. लस न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब झाले, तर पार्व्होची शंका घ्यावी. लघवीसाठी जोर करूनही थेंब न येणे, झटका येणे, उन्हात धापा टाकत कोसळणे, श्वास घेताना धडपड होणे, या वेळी थेट दवाखाना गाठावा. उष्माघात झाला असेल तर अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि तसेच निघावे.

घरातले औषध दिले तर?

बहुतेकदा नुकसानच होते. माणसांच्या पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या कुत्र्याचे यकृत, मूत्रपिंड किंवा जठर बिघडवू शकतात. आजारी म्हणून लाडाने दिलेले चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा हेही त्याच्यासाठी विषारी आहे. मागच्या आजारातली उरलेली प्रतिजैविके परत देऊ नयेत.

घरच्यांनाही धोका असतो का?

काही आजारांत असतो. लेप्टोस्पायरोसिस बाधित कुत्र्याच्या लघवीतून माणसाला होऊ शकतो. अचानक बदललेला स्वभाव, बदललेला आवाज, लाळ गळणे, गिळता न येणे ही रेबीजची लक्षणे असू शकतात. अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये. चावा किंवा ओरखडा झाला, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन लगेच दवाखान्यात लस घ्यावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते.

डॉक्टरांना काय सांगावे?

शेवटचे कधी जेवला, उलटी-जुलाब किती वेळा झाले, लघवी कशी होती, लसी कधी झाल्या, कोणते औषध दिले आणि वजन किती, हे मोबाइलमध्ये लिहून न्यावे. झटक्याचा, खोकल्याचा किंवा लंगडण्याचा व्हिडिओ काढून ठेवावा. तपासणीच्या टेबलावर कुत्रा नेमका ठणठणीत असल्यासारखा वागतो. कुत्रा निरोगी असताना त्याचे वजन, श्वास आणि हिरड्यांचा रंग एकदा नोंदवून ठेवला, तर पुढे काय बिघडले हे ओळखायला वेळ लागत नाही.