मागची सीट की स्टिअरिंग?

रोल्स-रॉइस म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? कडक गणवेशातला शोफर आणि मागच्या सीटवर रेललेले मालक. राइट? पण बॉस, याच ब्रँडच्या दोन गाड्या जरा शेजारी ठेवून बघा : सिल्व्हर घोस्ट आणि सिल्व्हर शॅडो. दोघींच्या वयात साठेक वर्षांचं अंतर, आणि तेवढ्या काळात मालक मागच्या सीटवरून उठून थेट स्टिअरिंगवर आलेला!

आधी आजीबाई. १९०६ मध्ये आलेल्या या मॉडेलचं कागदावरचं नाव '४०/५० एचपी'. त्यातल्या एका चंदेरी गाडीला 'सिल्व्हर घोस्ट' नाव दिलं आणि पुढे ते सगळ्याच मॉडेलला चिकटलं. इंजिन सात लिटरचं, सहा सिलिंडरचं, पण आवाज जवळपास नाहीच. १९०७ मध्ये ती लंडन-ग्लासगो रस्त्यावर सुमारे १५ हजार मैल पळवली. पुढच्याच वर्षी मुंबई-कोल्हापूर चाचणीत आपल्या घाटांतही एका घोस्टनं बाजी मारली आणि ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती विकत घेतली. कंपनी फक्त इंजिन आणि चॅसी द्यायची. वरची बॉडी कोचबिल्डरकडून मापानं बनवून घ्यायची, टेलरकडून सूट शिवतात तशी.

नात आली १९६५ मध्ये. शॅडोत बॉडी आणि चॅसी एकजीव झाली. कंपनीची ही पहिली मोनोकॉक गाडी. चारही चाकांना डिस्क ब्रेक. गाडीची उंची समतोल ठेवणारं हायड्रॉलिक तंत्र चक्क फ्रान्सच्या सिट्रोएनकडून लायसन्सवर घेतलेलं. आधीच्या सिल्व्हर क्लाउडपेक्षा आकार आटोपशीर, तरी आत जागा ऐसपैस. कारण सिंपल आहे. गिऱ्हाईक बदललं होतं. आता ते शहरात स्वतः गाडी चालवत होतं. वीस वर्षांत घोस्ट आठ हजारही बनल्या नाहीत. १९८० पर्यंतच्या पंधरा वर्षांत शॅडोनं पंचवीस हजारांच्या आसपास मजल मारली.

घोस्टचे भक्त म्हणतील, 'शान गेली.' मान्य, घोस्टसारखी गाडी पुन्हा होणे नाही. पण त्या शानची किंमत पुढच्या सीटवरचा माणूस मोजत होता. सुरुवातीच्या घोस्टना हँडल मारून स्टार्ट करावं लागे. तेलपाणी बघायचं शोफरनंच. आणि त्या काळच्या कित्येक बॉड्यांमध्ये मालक काचेआड कोरडा, शोफरच्या डोक्यावर साधं छप्परही नाही!

म्हणून माझं मत शॅडोला. तिच्यात चालवणाऱ्यालाही तेच लेदर, तीच शांतता. अर्थात जुनी शॅडो स्वस्तात दिसली म्हणून लगेच ईएमआय मोजायला बसू नका. हायड्रॉलिकची दुरुस्ती खिसा रिकामा करते आणि मोनोकॉकला गंज लागला की दुखणं थेट सांगाड्यात. ही गाडी घेण्यापेक्षा पोसणं कठीण.

तुम्ही-आम्ही दोन्हींपैकी एकही घेणार नाही, ते सोडा. पण नाइट शिफ्टनंतर ऑफिसच्या कॅबमध्ये मागे डुलकी काढताना एकदा पुढे बघा. तो कधीपासून जागा आहे, हे विचारायला रोल्स-रॉइस लागत नाही.