वाडीच्या शाळेला तीन वर्षांचा पैसा हवा

भोर आणि वेल्हे (सरकारदरबारी आता राजगड) तालुक्यांतल्या शाळांसाठी मदत मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो, पट किती? मी आयुष्यभर या डोंगरात शिकवलं, शेवटची वर्षं केंद्रप्रमुख होते. बारा, नऊ, एका वाडीत तर सहा, असं खरं उत्तर दिलं की समोरची फाईल मिटायची.

पट कमी का आहे, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. भाटघर धरण 1928 साली पूर्ण झालं. पुढे पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी. खोऱ्यांतली सपाट भातजमीन पाण्याखाली गेली, काही गावं पुनर्वसनात लांब गेली, उरलेली उतारावर वाड्यावाड्यांनी विखुरली. तरुण पोरं पुण्या-मुंबईकडे गेली. पलीकडच्या काठावर डोळ्यांना दिसणाऱ्या शाळेत जायचं तर धरणाच्या फुगवट्याला वळसा घालावा लागतो. पानशेत-वरसगावचं पाणी पुणे शहर पितं, भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडचा ऊस पिकवतं. त्या पाण्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या नातवंडांची शाळा आज पटावर मोजली जाते.

सरकारचं मोजमापही तेच. समग्र शिक्षा योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये, 101 ते 250 पटाला 50,000. पण तोरण्याच्या पायथ्याचा पाऊस पट बघून पडत नाही. सहा मुलांचं छप्परही तितकंच गळतं. दहा हजारांत वीजबिल, खडू आणि किरकोळ दुरुस्ती उरकायची. म्हणून मुख्याध्यापक शैक्षणिक उठावासाठी, म्हणजे शाळेसाठी लोकवर्गणी गोळा करायला, गावात फिरतात, आणि गावात कमावती माणसंच थोडी.

सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण आयुक्तांनी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा नंदुरबारच्या तोरणमाळबरोबर उदाहरण दिलं ते आमच्या पानशेतचं. पानशेतची समूह शाळा कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक दायित्व) निधीतून उभी राहिली. चांगल्या इमारतीचं मला कौतुकच आहे, वाडीवरच्या मुलानंही नीट प्रयोगशाळा पाहावी. पण इमारतीचा खर्च एकदाच होतो. गाडीचं डिझेल, चालकाचा पगार आणि पावसाळ्यात गाडीपर्यंत मुलांबरोबर चालत येणारी बाई, हा खर्च रोजचा आहे. तो थांबला की आधी मुलींची शाळा सुटते. ज्या वाडीतली शाळा बंद करायची, तिथल्या मुलांच्या वाहतुकीची पुढच्या अनेक वर्षांची तरतूद कागदावर आल्याशिवाय कुलूप लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कंपन्यांना उद्घाटन करता येईल अशी वस्तू द्यायला आवडतं. डिजिटल फळा, रंगवलेल्या भिंती, दप्तरं. पालकांना विचारलं तर ते माणूस मागतात. मुलांना आणायला-न्यायला आणि संध्याकाळी अभ्यासाला बसवायला गावातलीच एखादी शिकलेली सून, तिला दरमहा मानधन. कर्मवीर भाऊराव पाटलांनी शेजारच्या साताऱ्यात मुष्टिफंड उभा केला तो घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा करून वसतिगृहातल्या मुलांच्या रोजच्या जेवणासाठी. रोजच्या खर्चाला पैसा मागण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

कायदा आड येत नाही. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्चायचे आणि त्यात आपल्या स्थानिक क्षेत्राला प्राधान्य द्यायचं. शिरवळच्या कारखान्यांसमोर नीरा ओलांडली की भोर तालुका लागतो. जिल्हा बदलतो म्हणून ही गावं परकी होत नाहीत. पुण्यात वेल्ह्याचं पाणी पिणाऱ्या कंपनीनेही वेल्हं आपलं मानावं. चालू प्रकल्पाला पहिलं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं देण्याची सोयही नियमांत आहे. मग दरवर्षी मार्चअखेर घाईघाईने दप्तरं कशाला?

शाळांनीही एकेकट्याने अर्ज करू नयेत. सहा मुलांसाठीचा अर्ज मागे पडतो, पण केंद्रातल्या आठ-दहा शाळांचा एक प्रस्ताव वाचला जातो. शाळा व्यवस्थापन समित्यांचे ठराव आणि शाळा विकास आराखडे एकत्र बांधावेत. सीएसआर-1 नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाचा अनुभव असलेली एक संस्था सोबत घ्यावी. वेल्ह्यात बचत गटांचं काम वर्षानुवर्षं करणाऱ्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांना इथली माणसं ओळखतात. प्रस्तावात पटाच्या रकान्याशेजारी प्रत्येक मुलाचं घर ते शाळा अंतर लिहावं, पावसाळ्यातलं वेगळं. मानधनाची रक्कम पहिल्याच पानावर मागावी. कंपन्यांचे वर्षाचे आराखडे नव्या आर्थिक वर्षासाठी ठरतात, म्हणून हे कागद जानेवारीतच त्यांच्या टेबलावर हवेत. त्यासाठी केंद्रातल्या समित्यांची बैठक दिवाळीची सुट्टी संपताच घ्यायला हवी.