विश्लेषण : पार्सलमध्ये स्फोटक आहे का, हे जागेवरच कसे कळते?

मार्च २०१८ मध्ये नगरच्या माळीवाडा भागात एका कुरिअर कार्यालयात पार्सलचा स्फोट होऊन कर्मचारी जखमी झाले. दुसरीकडे, खारे-कर्जुने (के. के. रेंज) या लष्करी सराव क्षेत्रालगत न फुटलेल्या तोफगोळ्यांचे भंगार काढताना गावकऱ्यांचे जीव गेले आहेत. संशयास्पद वस्तूत काय आहे, हे जागेवरच कळले तर? त्यासाठीच स्फोटक शोध किट असते.

किट कोणी बनवले?
पुण्यातील ‘डीआरडीओ’च्या ‘हाय एनर्जी मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी’ने (एचईएमआरएल) हे किट विकसित केले. २०१३ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातही उतरवण्यात आले. छोट्या पेटीत मावणारे हे किट चालवायला वीज लागत नाही.

ते काम कसे करते?
संशयित पावडर किंवा वस्तूवरून पुसून घेतलेला अंश कागदावर घेऊन त्यावर ठरावीक रसायनांचे थेंब टाकतात. काही मिनिटांत रंग उमटतो. टीएनटी, आरडीएक्स, डायनामाइट, काळी दारू अशा गटांनुसार रंग वेगळा असतो. नमुना काही मिलिग्रॅम असला तरी पुरतो.

मर्यादा कोणत्या?
बहुतेक चाचण्या नायट्रोजनयुक्त संयुगांवर बेतलेल्या असतात. त्यामुळे अमोनियम नायट्रेटसारख्या खतातही नायट्रेटची चाचणी रंग दाखवू शकते. विहीर खोदताना किंवा खाणीत जिलेटिनच्या कांड्या हाताळणाऱ्याच्या हातावरही अंश सापडू शकतात. उलट, टीएटीपीसारख्या पेरॉक्साइड स्फोटकात नायट्रोजनच नसतो. त्यासाठी वेगळी चाचणी लागते. शिवाय, बाहेरून अंश न लागलेल्या बंद पार्सलबाबत किट काहीच सांगू शकत नाही. म्हणून हा निष्कर्ष प्राथमिक ठरतो; खटल्यात महत्त्व न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अहवालालाच.

मग उपयोग काय?
रस्ता बंद करायचा, इमारत रिकामी करायची की तपास पुढे न्यायचा, हा निर्णय लवकर घेता येतो. पण तोफगोळ्याच्या बाबतीत किटचा आधार घेणे घातक आहे. आत टीएनटी आहे हे रंगावरून कळेल. फ्यूज जिवंत आहे की नाही, हे कळणार नाही. तिथे एकच नियम : हात लावायचा नाही, लांब व्हायचे आणि ११२ वर कळवायचे.

काय व्हायला हवे?
नगरसारख्या विस्तीर्ण जिल्ह्यात मुख्यालयातून बॉम्ब शोधक व नाशक पथक अकोले किंवा जामखेडला पोहोचेपर्यंत मोलाचा वेळ जातो. तालुक्याच्या पातळीवर किट असणे त्यामुळे गरजेचे आहे. मात्र त्यातील रसायनांना मुदत असते, आणि कपाटात पडून मुदत संपलेले किट खोटा दिलासा देते. वेळेवर बदललेली रसायने, नियमित सराव आणि ‘रंग आला नाही म्हणजे धोका नाही’ हा समज दूर करणारे प्रशिक्षण, या तिन्ही गोष्टी किटसोबतच पोहोचायला हव्यात. के. के. रेंजलगतच्या गावांत तर त्याआधी भंगाराच्या पैशांवर पोट असलेल्यांसाठी दुसऱ्या रोजगाराचा विचार व्हायला हवा. कारण भुकेपोटी तोफगोळा उचलणाऱ्या हाताला कोणतेही किट थांबवू शकत नाही.