तांत्रिक लेखकाची निवड : साधनांची यादी की सूचनेची समज?

भिलाई (छत्तीसगड) : यंत्राची परिचालन पुस्तिका, दुरुस्तीची कार्यपद्धती किंवा संगणक प्रणालीचे मार्गदर्शन लिहिणाऱ्या ‘टेक्निकल रायटर’ पदाच्या अनेक जाहिरातींत पात्रतेची सुरुवातच सॉफ्टवेअरच्या नावांनी होते. फ्रेममेकर, रोबोहेल्प, मॅडकॅप फ्लेअर यांचा अनुभव नसेल, तर अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला पडण्याची शक्यता असते. उमेदवाराला यंत्र समजून घेता येते का, अभियंत्याला नेमके प्रश्न विचारता येतात का, याची परीक्षा त्यानंतर होते. किंवा होतच नाही. पोलादनगरी भिलाईचा अनुभव मात्र हा क्रम उलटा असावा, असे सुचवितो.

भिलाई पोलाद प्रकल्पासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात फेब्रुवारी १९५५ मध्ये करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. सोव्हिएत तज्ज्ञांचे ज्ञान भारतीय अभियंते व कामगारांपर्यंत पोहोचविण्यात दुभाषे आणि भाषांतरकार हा महत्त्वाचा दुवा होता. रशियन शब्दाला प्रतिशब्द सापडणे पुरेसे नव्हते. भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाने त्या शब्दावरून कोणती कृती करायची, हे उमगणे आवश्यक होते. आजचे एकही सॉफ्टवेअर तेव्हा अस्तित्वात नव्हते. कामाचा गाभा मात्र तोच होता.

साधने किती वेगाने बदलतात, याचे रोबोहेल्प हे बोलके उदाहरण आहे. हे सॉफ्टवेअर २००३ मध्ये ई-हेल्पकडून मॅक्रोमीडियाकडे आणि २००५ मध्ये अॅडोबीकडे गेले. त्याच सुमारास ई-हेल्पच्या काही माजी कर्मचाऱ्यांनी मॅडकॅपची स्थापना करून फ्लेअर हे स्पर्धक साधन बाजारात आणले. अवघ्या काही वर्षांत जाहिरातींतील नावे बदलली. वाचकाला अचूक सूचना देण्याची गरज बदलली नाही.

नियोक्त्यांची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. हजारो पानांच्या दस्तऐवजांत एकच इशारा शेकडो ठिकाणी येत असेल, तर तो एका जागी दुरुस्त करून सर्वत्र अद्ययावत करणारी प्रणाली अनिवार्य ठरते. ‘डिटा’सारखी रचना त्यासाठीच विकसित झाली. लहान कंपनीला प्रशिक्षणासाठी वेळ आणि पैसाही सहज उपलब्ध नसतो. तथापि, जाणकार लेखक नवे साधन काही आठवड्यांत कामापुरते आत्मसात करू शकतो. विचारांची शिस्त तितक्या अवधीत अंगी बाणत नाही.

उदाहरणार्थ, ‘वायूवाहिनीच्या जोडावरील बोल्ट सैल करा, त्यापूर्वी वाहिनीतील दाब शून्यावर आल्याची खात्री करा,’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. ते आकर्षकपणे मांडताही येते. परंतु पायरीपायरीने वाचणाऱ्या कामगाराच्या हाती इशारा येईपर्यंत पाना फिरलेला असेल. हा दोष व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला दिसणार नाही. लेखकालाच तो दिसावा लागतो. क्षणार्धात सफाईदार मसुदा देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आल्यानंतर ही नजर अधिकच मोलाची झाली आहे.

भिलाईत या नजरेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. १२ जून २०१४ रोजी येथील प्रकल्पातील वायुगळतीत ६ जणांचा मृत्यू झाला. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हन वायूवाहिनीच्या देखभालीदरम्यान भडकलेल्या आगीत त्याहून अधिक जीव गेले. या दुर्घटनांचे खापर लेखी सूचनांवर फोडणे योग्य ठरणार नाही; पण जिथे घातक वायू वाहतो, तिथे कार्यपद्धतीचा कागद हा सुरक्षेचाच भाग असतो, हे त्या अधोरेखित करतात. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात झालेल्या दुरुस्तीनेही कामगारांच्या सुरक्षेसाठी आवश्यक माहिती, सूचना व प्रशिक्षण देण्याची जबाबदारी कारखान्याच्या भोगवटादारावर टाकली होती. सूचना इंग्रजीत आणि कामगार हिंदी वा छत्तीसगडी बोलणारा असेल, तर ही जबाबदारी कागद हाती दिल्याने संपत नाही.

त्यामुळे निवडीची कसोटी बदलणे हिताचे ठरेल. उमेदवाराला एखादी सदोष कार्यपद्धती द्यावी, संबंधित तंत्रज्ञाशी अर्धा तास बोलू द्यावे आणि त्याने सुधारलेला मजकूर त्या कामाशी अपरिचित व्यक्तीकडून सुरक्षित वातावरणात करवून पाहावा. ती व्यक्ती कुठे अडखळते, यावरून लेखकाची पारख होईल. सॉफ्टवेअरची माहिती त्यानंतर विचारता येईल. समान गुणांच्या दोन उमेदवारांत ती निर्णायक ठरावी. पण पहिल्याच दारावरचा पहारेकरी ठरू नये.