एक विहीर आणि पांच खातीं

राज्यकारभारांत एखादें काम बिघडलें म्हणजे त्याचा दोष कोणा तरी दुष्ट मनुष्याच्या माथीं मारण्याची आपणांस संवय आहे. परंतु महाराष्ट्रांत पाण्याचें जें कांहीं बिघडलें आहे, तें पुष्कळसें सद्धेतूंनींच बिघडविलें आहे, असें आमचें मत आहे. वाचकांस हें प्रथम विचित्र वाटेल, म्हणून थोडा खुलासा करितों.

मराठवाड्यांतील अगर सोलापुराकडील एखाद्या अवर्षणी गांवची एक विहीर डोळ्यांपुढें आणावी. या विहिरीवर सरकारच्या पांच खात्यांची दृष्टि आहे, आणि पांचांचीहि दृष्टि कृपेचीच आहे. वीजखातें म्हणतें, शेतकऱ्यास बिलाचा भार नको. म्हणून २०२४ सालापासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस वीज मोफत झाली. साखरेचा कारभार पाहणारें खातें म्हणतें, उंसास निश्चित भाव हवा. तो केंद्र सरकार दरवर्षीं ठरवितें, व कारखान्यानें चौदा दिवसांचे आंत पैसे चुकते करावे असा नियमहि आहे. कृषिखात्यानें २०१६ सालीं मागेल त्यास शेततळें देऊं केलें. जलसंधारणखात्यानें २०१४ च्या डिसेंबरांत निघालेल्या जलयुक्त शिवार अभियानांत ओढे रुंद व खोल केले, बंधारे बांधिले. आणि पाणीपुरवठाखातें बिचारें त्याच विहिरीशेजारीं गांवच्या पिण्याच्या पाण्याची योजना घेऊन उभें आहे.

आतां पुढें काय होतें तें पाहावें. बंधाऱ्यानें जें पाणी जमिनींत मुरविलें, तें फुकट विजेनें वर उपसलें. शेततळें वास्तविक पावसाचें वाहतें पाणी धरण्यासाठीं. पण त्यास प्लॅस्टिकचें अस्तर घालून भूगर्भांतलेंच पाणी त्यांत भरलें. त्यांपैकीं कांहीं उन्हानें उडून गेलें, उरलें तें उंसास अगर फळबागेस गेलें. आणि चैत्र-वैशाखांत गांवची नळयोजना कोरडी पडली, तेव्हां सरकारनेंच टँकर पाठविला. प्रत्येक खात्याच्या अहवालांत मात्र काम पुरें झाल्याचीच नोंद! आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, ही म्हण आपल्या आजीबाईंनीं कोणत्या प्रसंगीं काढिली असेल ती असो. तिला याहून चांगलें उदाहरण मिळावयाचें नाहीं.

२०१६ च्या एप्रिलांत लातूरकरांस मिरजेहून आगगाडीनें पाणी पाजावें लागलें. पहिल्या गाडीनें सुमारें पांच लक्ष लिटर पाणी आणिलें व सर्व देशानें तिचें कौतुक केलें. विद्यार्थ्यांनीं येथें एक लहानसें गणित करून पाहावें. आपल्या राज्यांत एक किलो साखरेस शेतापासून कारखान्यापर्यंत सुमारें दोन हजार लिटर पाणी लागतें, असा हिशेब सर्वसाधारणपणें धरितात. म्हणजे तहानलेल्या शहरासाठीं एवढा खटाटोप करून जें पाणी आलें, तें अवघ्या अडीच क्विंटल साखरेचें पाणी होतें. आणि लातूर जिल्हा तर साखर कारखान्यांचा जिल्हा आहे.

यावरून ऊंस लावणाऱ्यास स्वार्थी म्हणून मोकळे होणारे लोक आम्हांस मान्य नाहींत. ज्वारीस व तुरीस आधारभाव जाहीर होतो खरा. परंतु त्या भावानें माल घेणारा दारीं उभा असेलच याची खात्री नसते. उंसास गिऱ्हाईक ठरलेलें असतें. मुलीचें लग्न व सावकाराचें देणें ज्यास दिसतें, तो कोणतें पीक निवडील? शिवाय त्यास मिळणारे हुकूम तरी एका तोंडाचे कोठें आहेत? पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळण्याची जी मुदत २०३० होती, ती अलीकडे ओढली म्हणून उंसाचें महत्त्व वाढलें. आणि २०२३ चा पाऊस अपुरा होतांच त्याच वर्षीं डिसेंबरांत उंसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले, ते पुढील हंगामांत पुनः उठले.

कायद्यांची वानवा नाहीं. पिण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून पांचशें मीटरांच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर खोदूं नये, असा कायदा १९९३ सालींच झाला. २००९ चा भूजल अधिनियम त्याहून व्यापक आहे. परंतु एका हातानें कायदा विहीर आवरूं पाहतो व दुसऱ्या हातानें सरकार तिची वीज फुकट देतें. मनुष्य कोणाचें ऐकेल तें सांगावयास नको.

जलयुक्त शिवारांत अनेक खात्यांचा पैसा जिल्हाधिकाऱ्याच्या हातीं एकत्र केला होता, हें श्रेय त्यास दिलें पाहिजे. तरी साडेनऊ हजार कोटींहून अधिक रुपये खर्चूनहि भूजलाची पातळी वाढविण्यांत फारसें यश आलें नाहीं, असें महालेखापरीक्षकांच्या अहवालानें २०२० सालीं म्हटलें. आमच्या मतें कारण साधें आहे: पाणी सांठविणारीं खातीं एकत्र आलीं, पण उपसा वाढविणारीं बाहेरच राहिलीं.

अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार गांवीं १९९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. तेथेंहि रोजगार हमी, आदर्श गांव अशा सरकारी योजनाच आल्या. परंतु तेथील ग्रामसभा पावसाचें माप घेऊन पाण्याचा जमाखर्च मांडते. प्रथम माणसें व गुरें यांचें पाणी, मग शिल्लक पाहून पिकें. ऊंस व केळी यांस बंदी, शेतीसाठीं विंधनविहिरीस बंदी. लहान गांवास साधलें तें राज्यास कसें साधेल, हा आक्षेप रास्त आहे; राज्यास एक ग्रामसभा नसते, अनेक मंत्री असतात. तरी हिशेब आधीं व अनुदान मागून, हा क्रम राज्यासहि अशक्य नाहीं. पंजाबांत २०१८ सालीं अशी एक योजना काढिली, कीं नेमून दिलेल्याहून कमी वीज जाळणाऱ्या शेतकऱ्यास वांचलेल्या विजेचे पैसे मिळावे. मदत कायम राहिली, आणि पाणी उपसण्याचा लोभ मात्र कमी झाला.

संयुक्त राष्ट्रांनीं २०१५ सालीं ठरविलेल्या सतरा उद्दिष्टांत धोरणांच्या परस्परसंगतीचें कलम आहे. तें दिल्लींत व मुंबईंत सर्वांस पाठ आहे. आपल्या राज्यांत भूजल सर्वेक्षणाचें खातें निरीक्षणविहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां मोजतें, त्यांपैकीं एक वेळ ऑक्टोबरांत. रब्बीची पेरणी होण्यापूर्वीं तो आंकडा ग्रामसभेंत मोठ्यानें वाचला जावा. आणि वीजजोडणी, शेततळें अगर कारखान्याची ऊंसनोंद, यांपैकीं कोणत्याहि अर्जावर तो लिहिण्यास एक रकाना असावा. एवढा रकाना वाढविण्यास नवा कायदा लागूं नये.