परीक्षेनंतरचा प्रोजेक्ट

परीक्षा जवळ आल्या की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या बुधवार पेठेत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं दिसू लागतात. सेन्सर, रिले, वायरींची भेंडोळी. काही जण तर तयार प्रोजेक्टच विकत मागतात. तोंडी परीक्षेपुरता दिवा पेटला, अहवाल जमा झाला, की ते यंत्र कपाटात जातं. चार वर्षांच्या शिक्षणाचा असा शेवट मला फार सलतो.

काम असं कपाटात न टाकता पुढे नेणारे उद्योजकही आपल्याकडे झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईच्या आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवलं, बेळगावात सायकली विकल्या, मग लोखंडी नांगर घडवला. लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांना भीती. नांगर खपेनात, पण त्यांनी तो नाद सोडला नाही. १९१० मध्ये त्यांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी उभी राहिली. अलीकडचं उदाहरण हवं तर आयआयटी मुंबईच्या तरुणांनी उभी केलेली, ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज आहेच.

प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रोजेक्ट तिसऱ्या वर्षापासूनच सुरू करा. विषय इंटरनेटवरून नको. कांद्याच्या चाळीत, एसटीच्या वर्कशॉपमध्ये, प्राथमिक आरोग्य केंद्रात मुलांना पाठवा. चाळीत कांदा सडतो तो नेमका कुठल्या थरात, हे हात घालून पाहिलेल्या मुलीला सेन्सर कुठे बसवायचा ते सांगावं लागत नाही. गुण देताना वापरणाऱ्याचं मतही विचारा. अर्धवट राहिलेलं काम पुढच्या तुकडीकडे सोपवा.

या अंकात विद्यार्थ्यांनी आपल्या न चाललेल्या यंत्रांबद्दलही लिहावं, असा आग्रह आम्ही मुद्दाम धरला आहे.